अंडाशयाचा कॅन्सर: ऑपरेशनच्या आधी, ऑपरेशनमध्ये आणि नंतर

सोनोग्राफीच्या रिपोर्टात अंडाशयावर गाठ आणि पोटात पाणी असं लिहून आलं की घरातले सगळे एकच म्हणतात, "उद्याच्या उद्या काढून टाका." म्हणतात काळजीपोटीच, पण या आजारात घाईघाईत आणि अर्धवट झालेलं पहिलं ऑपरेशन पुढे फार महागात पडतं. ऑपरेशन केवढं मोठं झालं आणि काय काय काढलं, हे नातेवाईक लगेच विचारतात. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे पोटात मागे काय उरलं. डोळ्यांना दिसेल असं काहीच उरलं नसेल, तर बाईला पुढे मिळणारी वर्षं वाढतात, हे चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये हाच प्रश्न धरून ठेवा.

हा लेख पेशंटसाठी आहे आणि तिच्याबरोबर फाइल घेऊन फिरणाऱ्या माणसासाठी. निर्णय डॉक्टरांबरोबर बसूनच घ्यायचा. ते काय सांगताहेत हे समजावं आणि नेमकं विचारता यावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

पायरी १: गाठ कसली आहे, ते आधी ठरू द्या

अंडाशयावरची प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पाळी चालू असलेल्या बायकांच्या बऱ्याच गाठी साध्या पाण्याच्या किंवा चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साठलेल्या गाठी) निघतात. सीए-१२५ या रक्ततपासणीचा आकडा ३५ च्या आत असला तर सामान्य धरतात, पण एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढणं), फायब्रॉइड, इतकंच काय पाळीच्या दिवसांतही तो वाढतो. उलट कॅन्सर अगदी सुरुवातीचा असेल, तर साधारण निम्म्या बायकांत हा आकडा वाढलेलाच नसतो. त्यामुळे नुसत्या आकड्यावर ना घाबरायचं, ना निर्धास्त व्हायचं. सोनोग्राफीत गाठ कशी दिसते, बाईचं वय काय, पाळी गेली आहे का, हे सगळं एकत्र पाहावं लागतं.

आपल्याकडे पोटाच्या टीबीचा विचार झाल्याशिवाय पुढे जाऊच नये. पोटात पाणी, घटलेलं वजन, शेकड्यात गेलेला सीए-१२५, आतल्या अस्तरावर दाणे: टीबीचं चित्र कॅन्सरसारखंच दिसू शकतं. पोटातल्या पाण्याची तपासणी आणि तुकडा काढून बायोप्सी केली की दोन्हींतला फरक कळतो. टीबी गोळ्यांनी बरा होतो, त्यासाठी कुणाची गर्भपिशवी काढायची नसते.

रक्तात सीईए नावाचा आणखी एक आकडासुद्धा बघतात. तो जास्त असेल तर जठराची आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करावी लागते, कारण तिथला कॅन्सरही अंडाशयावर येऊन बसतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. मुलगी किंवा विशी-पंचविशीतली बाई असेल, तर एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्ताच्या तीन तपासण्या ऑपरेशनआधी व्हायलाच हव्यात. या वयात जर्म सेल प्रकारची, म्हणजे बीजपेशींपासून होणारी गाठ असू शकते आणि तिथे सगळं गणितच बदलतं. छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन तर सगळ्यांचाच होतो.

गाठ अंडाशयापुरतीच वाटत असेल, तर तिच्यात सुई घालून पाणी काढू देऊ नका. शाबूत गाठ फुटली की आतल्या पेशी पोटात सांडतात. आजार पसरल्याचं सीटीवर स्पष्ट दिसत असेल आणि आधी केमो द्यायची असेल, तर मात्र सुईने तुकडा काढावाच लागतो, आणि त्यात फारसा धोका नाही. तो बहुतेकदा ओमेंटममधून, म्हणजे आतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या चरबीच्या थरातून घेतात.

पायरी २: सर्जन कोण, हे ऑपरेशनच्या तारखेआधी ठरवा

हे ऑपरेशन गायनॅक ऑन्कोलॉजिस्टचं, म्हणजे स्त्रियांच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या सर्जनचं काम आहे. तुमच्या गावच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी शंभर बाळंतपणं सुखरूप केली असतील, त्यांच्यावर विश्वास ठेवावा असंच त्यांचं काम असेल. तरीही हे ऑपरेशन त्यांना करायला लावू नका. पोट उघडल्यावर आतड्याचा तुकडा, प्लीहा किंवा श्वासपटलावरचं (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावरचं) अस्तर काढायची वेळ येऊ शकते. त्याची तयारी नसली की गाठ काढून पोट शिवलं जातं आणि बाकीचं तसंच राहतं.

साधी सिस्ट म्हणून दुर्बिणीने गाठ काढली आणि तपासणीत कॅन्सर निघाला, असं झालेल्या बायका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत नेहमी भेटतात. तुमच्या घरी असं झालं असेल तर खचून जाऊ नका, पण कागद गोळा करा. ऑपरेशन नोट, पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि मुख्य म्हणजे स्लाइड व मेणाचे ब्लॉक (काढलेल्या गाठीचे मेणात जपलेले तुकडे). नुसता रिपोर्ट पुरत नाही, ब्लॉक मागायला लाजू नका, ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. नवीन डॉक्टर ते पुन्हा तपासून घेतात आणि गरज असेल तर राहिलेली शस्त्रक्रिया पूर्ण करतात.

परळचं टाटा मेमोरियल सगळ्यांना माहीत असतं. १९४१ पासून ते चालू आहे आणि गर्दीही तशीच आहे. त्यांचंच खारघरचं ॲक्ट्रेक, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर हॉस्पिटल, इथेही चौकशी करावी. मुंबईत राहायची सोय नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही नावं लिहून ठेवा.

पैशाचं त्याच आठवड्यात बघा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात आणि कॅन्सरची ऑपरेशनं व केमो त्यात आहेत. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन आधी तिथे जा, कारण मंजुरी ऑपरेशनपूर्वी लागते. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे.

पायरी ३: आधी ऑपरेशन की आधी केमो

इथे घरोघरी सगळ्यात जास्त गोंधळ होतो. डॉक्टर "आधी तीन केमो देऊ, मग ऑपरेशन" म्हणाले की नातेवाईकांना वाटतं, म्हणजे आता काही उरलं नाही, डॉक्टरांनी हात टेकले. तसं अजिबात नसतं.

आजार अंडाशयापुरता किंवा ओटीपोटापुरता असेल (स्टेज १ आणि २), तर आधी ऑपरेशन. स्टेज ३ मध्ये तो पोटाच्या अस्तरावर किंवा मागच्या लसिका ग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) गेलेला असतो, आणि स्टेज ४ मध्ये छातीतल्या पाण्यात, यकृताच्या आत किंवा आणखी दूर. बहुतेक बायका दुर्दैवाने स्टेज ३ मध्येच डॉक्टरांकडे पोचतात, कारण पोट फुगणं, थोडं खाल्लं की पोट भरणं, वारंवार लघवी लागणं, ही लक्षणं ॲसिडिटीच्या गोळ्यांवर कित्येक महिने काढली जातात.

स्टेज ३-४ मध्ये सर्जन स्वतःला विचारतो: आत्ता पोट उघडलं तर सगळं निघेल का? निघेल असं वाटलं आणि बाईची ताकद चांगली असली, तर आधी ऑपरेशन आणि नंतर केमो. लहान आतड्यावर सगळीकडे दाणे असतील, आतड्याला रक्त पुरवणाऱ्या पडद्याच्या मुळाशी किंवा यकृताच्या दाराशी आजार घट्ट चिकटला असेल, किंवा बाई फार अशक्त असेल, छातीत पाणी असेल, तर आधी केमो. कधी कधी नुसती दुर्बीण घालून आत डोकावून हे ठरवतात. तीही एक शहाणी पायरी आहे, तिला फुकटचं ऑपरेशन समजू नका.

आधी केमो म्हणजे साधारणपणे कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर २१ दिवसांनी. तीन डोस झाले की पुन्हा सीटी आणि सीए-१२५, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ऑपरेशन आणि त्यानंतर उरलेले तीन डोस. २०१० साली युरोपात आणि २०१५ साली ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचण्यांत, पसरलेल्या आजारात या क्रमाने उपचार झालेल्या बायका आधी ऑपरेशन झालेल्यांइतक्याच जगल्या आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंत कमी झाली. तरीही, ज्या बाईचं सगळं पहिल्याच वेळी निघू शकतं तिचं ऑपरेशन आधी करावं, असं बऱ्याच अनुभवी सर्जनचं मत आहे आणि मलाही ते पटतं. म्हणूनच "आधी केमो" सांगितलं तर कारण विचारा. "आमच्याकडे तसंच करतात" हे उत्तर पुरेसं नाही. "अमुक ठिकाणी आजार अडतोय" हे उत्तर हवं.

केमोने गाठ विरघळली, पोट उतरलं, भूक लागली की काही जणी म्हणतात, आता ऑपरेशन कशाला? हे करू नका. स्कॅनवर न दिसणारे मोहरीएवढे दाणे मागे असतात आणि ते काढायचीच ही वेळ असते.

पायरी ४: ऑपरेशनमध्ये नक्की काय होतं

छेद बहुतेकदा उभा असतो, ओटीपोटापासून बेंबीच्या वरपर्यंत, कधी छातीच्या हाडापर्यंत. लहान छेदाचा हट्ट धरू नका. निवडक सुरुवातीच्या आजारात दुर्बिणीने किंवा रोबोटने ऑपरेशन होतं, पण पसरलेल्या आजारात सर्जनचा हात आणि नजर पोटाच्या प्रत्येक कोपऱ्यात पोचायला हवी.

आजार अंडाशयापुरता वाटत असेल तेव्हा गाठ न फोडता बाहेर काढून फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या तातडीच्या तपासणीला पाठवतात. अर्ध्या तासाच्या आसपास पॅथॉलॉजीतून निरोप येतो आणि त्यावर पुढचं ठरतं. कॅन्सर असेल तर पोटातलं पाणी तपासायला घेतात, गर्भपिशवी, दोन्ही अंडाशय व नळ्या आणि ओमेंटम काढतात, अस्तराचे ठिकठिकाणचे तुकडे घेतात आणि प्रकार बघून लसिका ग्रंथीही काढतात. दिसायला स्वच्छ असलेल्या जागीही आजार लपलेला सापडू शकतो. तो सापडला तर स्टेज बदलते आणि केमो द्यायची की नाही हेही बदलतं.

मूल हवं असलेल्या तरुण बाईने हे ऑपरेशनपूर्वी सांगितलंच पाहिजे. लग्न व्हायचंय म्हणून आईसमोर गप्प बसू नका. आजार एकाच अंडाशयात असेल, तर पुष्कळदा गर्भपिशवी आणि दुसरं अंडाशय ठेवून बाकीची तपासणी पूर्ण करता येते. जर्म सेल प्रकारात तर आजार पसरला असला तरी ते वाचवतात, कारण ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन या केमोला तो फार चांगला प्रतिसाद देतो. विशीतल्या मुलीची दोन्ही अंडाशयं काढायचं कुणी सुचवलं, तर सही करण्याआधी दुसऱ्या कॅन्सर सर्जनचं मत घ्याच.

पसरलेल्या आजारात ऑपरेशन सहा-आठ तासही चालतं. दिसेल तिथला आजार काढायचा: ओटीपोटाचं अस्तर, गरज पडली तर मोठ्या आतड्याचा भाग, श्वासपटलावरचा थर, प्लीहा. आतडं जोडल्यावर जोड नीट भरून यावा म्हणून काही बायकांना पोटावर शौचाची पिशवी बसवतात. पुष्कळदा ती तात्पुरती असते आणि काही महिन्यांनी काढता येते. जाग आल्यावर ती पहिल्यांदा दिसली की बाई हादरते, म्हणून "पिशवी लागू शकते का?" हे आधी विचारा आणि तिला आधीच सांगून ठेवा.

लसिका ग्रंथींचं एक पथ्य बदललं आहे. पूर्वी पसरलेल्या आजारातही त्या सरसकट काढत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या लायन नावाच्या चाचणीत दिसलं, की बाकी सगळं स्वच्छ निघालं असेल आणि ग्रंथी चांगल्या दिसत असतील तर त्या काढून आयुष्य वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. सुजलेल्या ग्रंथी अर्थातच काढतात.

हायपेक हा शब्द हल्ली कानावर येतोच. ऑपरेशन संपता संपता गरम केलेली केमो पोटात तासभर किंवा दीड तास फिरवतात. स्टेज ३ मध्ये, आधी केमो घेऊन मग ऑपरेशन झालेल्या बायकांवरची नेदरलँड्सची चाचणी २०१८ साली आली. तिच्यात हायपेक मिळालेल्या गटाचं मध्यम आयुर्मान सुमारे १२ महिन्यांनी जास्त होतं. तो सगळ्यांसाठी नाही. किडनीवर ताण येतो, खर्च मोठा असतो. जमीन विकून हायपेक करायचा विचार चालला असेल, तर थांबा. आधी सर्जनला विचारा की माझ्या पेशंटच्या स्थितीत याचा फायदा सिद्ध झाला आहे का. आजार पूर्ण काढणारा हात मिळणं हे हायपेकपेक्षा जास्त मोलाचं आहे.

पायरी ५: तयारी, शरीराची आणि घराची

तिला सांगा. "आईला कॅन्सर म्हणू नका, नुसती गाठ म्हणा" अशी विनंती मुलं डॉक्टरांना दाराबाहेर गाठून करतात. प्रेम कळतं. पण संमतीपत्रावर सही तिची असते, पोटावर छेद तिच्या असतो, पाळी तिची जाणार असते. न सांगितलेल्या बायका वॉर्डात शेजारच्या खाटेवरून ऐकतात, आणि मग घरच्यांच्या कुठल्याच बोलण्यावर त्यांचा विश्वास राहत नाही.

मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर भूलतज्ज्ञांना खरं सांगा आणि त्याच दिवशी बंद करा. पुष्कळ मावश्या सुनेसमोर हे बोलत नाहीत. त्यांना एकटीला विचारलेलं बरं. तीन रंगीत गोळ्यांचं श्वासाचं यंत्र ऑपरेशननंतर नव्हे, आधीच आणा आणि रोज सराव करा. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) कमी असेल तर अंडी, दूध, डाळी, मासे, जे पोटात राहील ते थोडं थोडं दिवसातून अनेकदा द्या. या काळात उपास करू नका. साखर आणि बीपी आटोक्यात आणा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. प्लीहा काढायची शक्यता असेल तर काही लशी शक्यतो दोन आठवडे आधी देतात. रक्तदान करू शकतील अशा नातेवाईकांची नावं आणि फोन एका कागदावर ठेवा.

आणि सर्जनला भेटाल तेव्हा हे विचारा: सगळं निघेल असं वाटतं का? कुठे अडू शकतं? आतडं कापावं लागेल का? तुमच्याकडे अशी ऑपरेशनं नियमित होतात का? आयसीयू लागेल का?

पायरी ६: ऑपरेशननंतरचे दिवस

नाकात नळी, लघवीची नळी, पोटातून निघालेली ड्रेनची नळी, पाठीत वेदनेच्या औषधाची बारीक नळी. पहिल्यांदा भेटायला जाणाऱ्याने हे मनात धरून जावं, म्हणजे तिच्यासमोर चेहरा पडणार नाही. नळ्या एकेक करून निघतात.

उठवायची रीत नीट शिका, कारण चुकीचं उठवलं की टाक्यांवर ताण येतो आणि ती पुन्हा उठायला घाबरते. आधी गुडघे दुमडायला सांगा, मग अख्खं अंग एका कुशीवर वळवा. पाय खाटेखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपराने गादीवर रेटा देऊन बसायचं. हात धरून ओढायचं नाही. खोकला आला तर छोटी उशी पोटावर दोन्ही हातांनी दाबून धरायची आणि मग खोकायचं. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच चार पावलं चालवतात. ती चार पावलं फुप्फुसं आणि आतडी दोन्ही जागी करतात. गॅस सुटला की नर्सला सांगा, संकोच नको.

पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपारिनची इंजेक्शनं घरी गेल्यावरही, बरेचदा एकूण चार आठवडे चालू ठेवतात. ती टोचायला घरातलं कुणीतरी डिस्चार्जच्या आधी शिकून घ्या. ताप, टाक्यांतून पू, वाढती पोटदुखी आणि सततच्या उलट्या, एकाच पायाला सूज, अचानक धाप: यातलं काहीही झालं तर ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका. सहा आठवडे पाण्याची कळशी, गॅसचं सिलिंडर, नातवंड, काहीच उचलायचं नाही.

दोन्ही अंडाशयं काढली की पाळी हळूहळू जात नाही, एका दिवसात जाते. अंगातून वाफा, रात्रीचा घाम, झोप उडणं, चिडचिड, संबंधांच्या वेळी दुखणं. घरचे म्हणतात, "स्वभावच बदलला हिचा." स्वभाव नाही, हार्मोन गेले आहेत. यावर उपचार आहेत, कुठला चालेल हे कॅन्सरच्या प्रकारावर ठरतं. तपासणीच्या वेळी हे स्वतःहून काढा, कारण गर्दीत डॉक्टर विचारतीलच असं नाही.

पायरी ७: कागद वाचा आणि पुढचं ठरवा

डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोटची प्रत मागा. त्यात शेवटी किती आजार उरला हे लिहिलेलं असतं: काहीच दिसत नाही, एक सेंटिमीटरपेक्षा लहान, किंवा मोठा. फाइलमधली ही ओळ पुढे प्रत्येक डॉक्टर शोधतो. नसेल तर लिहून मागा. केमो सहसा चार ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावी. "अजून थोडी ताकद येऊ दे" म्हणत महिने घालवू नका.

एपिथेलियल (अस्तराच्या पेशींपासून होणारा) प्रकार निघाला असेल, आणि बहुतेक तोच असतो, तर बीआरसीए जनुकांची तपासणी विचारा (यातला दोष घराण्यात पुढे जातो आणि कॅन्सरचा धोका वाढवतो), घराण्यात कुणाला कॅन्सर नसला तरी. दोष सापडला तर केमोनंतर ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा विचार होतो. तिच्या बहिणी, मुली आणि मुलगे यांचीही तपासणी करता येते. दोष असलेल्या बहिणीला, मुलं झाल्यावर, अंडाशयं आणि नळ्या आधीच काढून धोका पुष्कळ कमी करता येतो: बीआरसीए-१ मध्ये साधारण ३५ ते ४० व्या वर्षी, बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ व्या वर्षी. ते ऑपरेशन दुर्बिणीने होतं. नळ्यांचे बारीक काप करून तपासायला सांगा, कारण या कॅन्सरची सुरुवात बरेचदा नळीच्या झालरीसारख्या टोकापाशी होते.

आजार परत आला तर दुसरं ऑपरेशन होतं का? काही जणींचं होतं. शेवटच्या केमोनंतर सहा महिन्यांहून जास्त काळ चांगला गेला असेल, पहिल्या वेळी सगळं निघालं असेल, तब्येत चांगली असेल आणि पोटात पाणी फारसं नसेल, तर विचार करतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या डेस्कटॉप-३ या चाचणीत अशा निवडलेल्या बायकांना ऑपरेशनचा फायदा झाला, पण ज्यांचं दुसऱ्या वेळीही सगळं निघालं त्यांनाच. म्हणून परत आल्याचं कळलं की केमो सुरू करण्याआधी एकदा सर्जनला फाइल दाखवा, आणि जाताना पहिल्या ऑपरेशनची नोट सगळ्यात वर लावा.